नाव बदलले, बंदर बदलले : एका नॉर्वेजियन पूर्वजाचा माग

१/
अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा या राज्यांतील नॉर्वेजियन वंशाच्या अनेक घरांत पूर्वजाची एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. तो नॉर्वेतील एका मोठ्या शेताचा वारस होता. शिडाच्या जहाजातून तो न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरला. तिथल्या कारकुनाला उच्चार जमेना, म्हणून त्याने त्याचे आडनाव बदलून टाकले. कथा एवढीच. पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गेलेला असेल, तर या तिन्ही विधानांपैकी बहुधा एकही खरे नसते.

२/
ही चूक निरुपद्रवी नाही. कथेवर विसंबून शोधाला लागलेला वंशज चुकीच्या बंदराच्या याद्या चुकीच्या नावाने चाळत राहतो. अखेर 'आमच्या माणसाची नोंदच झाली नाही' असे समजून तो थांबतो. नोंद बहुतेक वेळा झालेली असते. मात्र ती दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्याच देशात असते. ती तिथे का आहे, हे कळायचे तर हे स्थलांतर कसे घडले ते आधी पाहावे लागते. आजचा धागा त्याविषयी.

३/
प्रथम या स्थलांतराचा आवाका. १८२५ ते १९२५ या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन माणसे देश सोडून गेली आणि त्यांतील बहुतांश अमेरिकेत गेली. १८०१ च्या जनगणनेत संपूर्ण नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ८ लाख ८० हजार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता युरोपात त्या काळी आयर्लंडचा अपवाद वगळता एवढी माणसे कोणत्याही देशाने गमावली नाहीत. एकट्या १८८२ या वर्षी २८ हजारांहून अधिक लोक निघून गेले.

४/
कारण मुख्यतः जमिनीचे होते. १८०१ ते १८६५ या काळात नॉर्वेची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होऊन १७ लाखांवर गेली. परंतु डोंगर आणि फ्योर्ड यांच्या या देशात लागवडीयोग्य भूमी जेमतेम तीन टक्के. वडिलोपार्जित शेतावर प्रथम हक्क थोरल्या मुलाचा. धाकट्यांपैकी अनेकांच्या वाट्याला 'हुसमान' होणे आले. हुसमान म्हणजे मोठ्या शेताच्या कडेला झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन राहणारे कूळ. त्या बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबणे त्याला बंधनकारक असे.

५/
संघटित स्थलांतराचा आरंभ मात्र धर्माच्या प्रश्नातून झाला. नेपोलियनकालीन युद्धांत ब्रिटिशांनी पकडलेले काही नॉर्वेजियन खलाशी इंग्लंडमधील तुरुंगजहाजांवर क्वेकर पंथाच्या संपर्कात आले. मायदेशी परतल्यावर राज्याच्या लुथरन चर्चशी त्यांचे जमेना. क्लेंग पेअरसन या माणसाला त्यांनी १८२१ मध्ये पाहणीसाठी अमेरिकेला धाडले. त्याच्या अहवालानंतर, जुलै १८२५ च्या पहिल्या आठवड्यात, 'रेस्टाउराशोन' नावाचे एक इवलेसे जहाज स्टावांगर बंदरातून ५२ माणसांसह निघाले.

६/
हे जहाज सुमारे ५४ फूट लांबीचे होते. वाटेत ते पोर्तुगालच्या मदेरा बेटाकडे वळले. ९ ऑक्टोबर १८२५ रोजी, म्हणजे जवळजवळ चौदा आठवड्यांनी, ते न्यूयॉर्कला लागले, तेव्हा माणसे ५३ झाली होती. लार्स लार्सेन या पुढाऱ्याच्या पत्नीला भर समुद्रात मुलगी झाली होती. स्वतः लार्स लार्सेन हा त्या तुरुंगजहाजांवर दिवस काढलेल्यांपैकी एक.

७/
न्यूयॉर्कमध्ये जहाज जप्त झाले. अमेरिकेच्या १८१९ च्या कायद्यानुसार दर पाच टनांमागे दोनच प्रवासी नेता येत. सुमारे ३९ टनांच्या या जहाजाला त्या हिशेबाने जेमतेम पंधरा-सोळा प्रवाशांची मुभा होती. प्रवाशांनी दयेचा अर्ज केला आणि अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी नोव्हेंबर १८२५ मध्ये दंड माफ केला. या घटनेमुळे पहिल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांविषयीचे कागद अमेरिकेच्या सरकारी दप्तरात जपले गेले.

८/
माग काढणाऱ्याला याच कायद्यातील आणखी एक कलम उपयोगी पडते. अमेरिकी बंदरात येणाऱ्या प्रत्येक कप्तानाने प्रवाशांची नावे, वय, लिंग, व्यवसाय आणि देश यांची यादी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे द्यावी, असा नियम त्याने घातला. १८२० पासूनच्या अमेरिकी प्रवासी याद्यांचा उगम तिथला. मग १८५५ च्या सुमारास गेलेला पूर्वज या याद्यांत का सापडत नाही? कारण तो अमेरिकेच्या बंदरात उतरलाच नाही. तो कॅनडात उतरला.

९/
याचे कारण लाकडाच्या व्यापारात आहे. ब्रिटनने १८४९ मध्ये आपले नौवहन कायदे रद्द केले. त्यापूर्वी ब्रिटिश वसाहतींचा माल ब्रिटनला नेण्याचा व्यापार परकीय जहाजांना बंद होता. १८५० पासून तो खुला झाला. क्वीबेकहून इमारती लाकूड भरून ब्रिटनला नेणे नॉर्वेच्या जहाजमालकांना किफायतशीर ठरले. मात्र क्वीबेकला जाताना जहाज रिकामे जाई. त्या रिकाम्या पोटात माणसे भरली की जातानाचेही भाडे मिळे. न्यूयॉर्कपेक्षा तिकीट स्वस्त झाले आणि काही वर्षांतच नॉर्वेजियन स्थलांतराचा मुख्य प्रवाह क्वीबेककडे वळला.

१०/
वंशजांची अडचण इथे सुरू होते. क्वीबेक बंदराच्या प्रवासी याद्या सलगपणे १८६५ पासूनच उपलब्ध आहेत. कॅनडातून भूमार्गाने किंवा सरोवरांतून अमेरिकेत येणाऱ्यांची पद्धतशीर नोंद तर १८९५ पर्यंत होत नव्हती. म्हणजे १८५० ते १८६४ या काळात क्वीबेकमार्गे गेलेल्या माणसाचे नाव उतरण्याच्या बाजूला मिळण्याची शक्यता फार थोडी. एलिस बेटावरचे केंद्र तर १ जानेवारी १८९२ रोजी उघडले. त्याआधी, १८५५ पासून, न्यूयॉर्कला येणारे कॅसल गार्डन येथे उतरत. नातवंडांना एलिस बेट ठाऊक होते, म्हणून आजोबांच्या कथेत ते आले.

११/
शिडाच्या जहाजावरचा प्रवास साधारण आठ ते दहा आठवड्यांचा असे. वारा पडला तर अधिकच. जहाजावर पाणी आणि चूल मिळे. शिधा ज्याचा त्याने आणायचा. म्हणून निघण्यापूर्वी कित्येक आठवडे घरोघरी बायका 'फ्लाटब्रो' ही पातळ, कडक, महिनोन्महिने टिकणारी भाकरी भाजत. सोबत खारवलेले मांस, चीज आणि लोणी. हे सारे लाकडी पेटाऱ्यात भरले जाई. पेटाऱ्यावर मालकाचे नाव आणि वर्ष रंगवलेले असे. असे पेटारे आज आयोवातील डेकोरा गावच्या वेस्टरहाइम संग्रहालयात पाहायला मिळतात. एखाद्या घरी तो उरला असेल, तर त्यावरचे नाव हा शोधातला पहिला पुरावा ठरतो, कारण ते बदलण्यापूर्वीचे नाव असते.

१२/
खालच्या डेकवर दाटीवाटीने राहणाऱ्यांत गोवर, विषमज्वर, हगवण पसरे आणि सर्वांत आधी बळी पडत ती लहान मुले. सेंट लॉरेन्स नदीत शिरल्यावर ग्रोस ईल या बेटावर आरोग्य तपासणी होई. आजारी माणसांना तिथेच थांबवून घेत. त्यामुळे एखाद्या कुटुंबाची नॉर्वेतील निघतानाची नोंद आणि विस्कॉन्सिनमधील पहिली नोंद शेजारी ठेवली, तर कधी एखादे मूल मधेच नाहीसे झालेले दिसते. घरच्या कथेत त्या मुलाचे नाव उरलेले नसते. ते जन्मले होते, एवढे सांगणारा कागद फक्त नॉर्वेत असतो.

१३/
क्वीबेकला उतरल्यावर प्रवास संपत नसे. नदी, कालवे, रेल्वे आणि सरोवरांतल्या आगबोटी असा शेकडो मैलांचा मार्ग पुढे असे. २० ऑगस्ट १८५२ च्या पहाटे ईरी सरोवरात 'अटलांटिक' ही आगबोट 'ऑग्डेन्सबर्ग' या दुसऱ्या बोटीशी धडकून बुडाली. तिच्यावर क्वीबेकमार्गे विस्कॉन्सिनकडे निघालेले अनेक नॉर्वेजियन होते. शंभराहून अधिक माणसे बुडाली. नेमका आकडा कधीच ठरला नाही, कारण बोटीवर कोण कोण होते याची भरवशाची यादीच नव्हती. अटलांटिक महासागर सुखरूप ओलांडून आलेली ही माणसे त्याच नावाच्या बोटीसह एका सरोवराच्या तळाशी गेली.

१४/
१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिडांची जागा वाफेने घेतली आणि मार्ग पुन्हा बदलला. आता नॉर्वेतून लहान आगबोटीने उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या हल बंदरात, तिथून रेल्वेने लिव्हरपूलला आणि तिथून मोठ्या आगबोटीने अमेरिकेला. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. म्हणून १८८० च्या दशकात निघालेल्या माणसाची दोन जहाजे शोधावी लागतात. नॉर्वेत ज्या बोटीत तो चढला, तिचे नाव न्यूयॉर्कच्या यादीत सापडणार नाही. नॉर्वेची थेट अटलांटिकपार सेवा देणारी कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली आगबोट १९१३ मध्ये निघाली.

१५/
आता नावाकडे. ग्रामीण नॉर्वेत त्या काळी आजच्या अर्थाने आडनाव नव्हतेच. लार्सचा मुलगा अँडर्स असेल तर तो 'अँडर्स लार्सेन', आणि मुलगी 'लार्सदात्तर', म्हणजे लार्सची कन्या. अँडर्सची मुले पुन्हा 'अँडर्सेन'. दर पिढीला हे नाव बदले आणि लग्नानंतरही स्त्री आपल्या पित्याचेच नाव लावी. याखेरीज तिसरे नाव राहत्या शेताचे. मराठी वाचकाला 'कर' लावून गावावरून पडलेली आडनावे परिचित आहेत. फरक एवढाच की नॉर्वेत माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की हे नावही बदले. तो त्याचा पत्ता होता.

१६/
अमेरिकेत पोहोचल्यावर मात्र एकच कायमचे आडनाव हवे झाले. जमिनीची सनद, बँक, सैन्यभरती, टपाल या सर्वांना ते लागे. कुणी पित्याचे नाव गोठवले, कुणी शेताचे. सख्ख्या दोन भावांची आडनावे त्यामुळे वेगळी झाली. एकाच वस्तीत डझनभर 'अँडर्स लार्सेन' निघाले, तेव्हा काहींनी गोंधळ टाळण्यासाठी शेताचे नाव घेतले आणि त्याचे स्पेलिंग इंग्रजी कानाला रुचेल असे केले. नॉर्वेने स्वतः स्थिर कुलनामाची सक्ती कायद्याने केली ती १९२३ मध्ये. तोवर स्थलांतरितांच्या दोन पिढ्या अमेरिकेत वाढल्या होत्या.

१७/
एलिस बेटावरच्या कारकुनाचे काय? तो नावे लिहीत नसे. प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरात जहाज कंपनीची माणसे तयार करीत. अमेरिकेतील अधिकारी ती यादी समोर ठेवून माणसे पडताळत. नाव बदलले ते कुटुंबाने, पुढच्या काही वर्षांत, आपल्या सोयीने. १९७७ ते १९८१ या काळात अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष असलेले वॉल्टर मॉन्डेल यांचे आडनाव याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ते सोग्न फ्योर्डच्या एका शाखेवरील फ्येरलांद येथील 'मुन्दाल' या स्थळनामापासून आले. फ्येरलांदचा बोगदा १९८६ मध्ये रहदारीला खुला झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला मॉन्डेल यांनाच बोलावले होते.

१८/
उतरण्याच्या बाजूला दार बंद असेल, तर निघण्याच्या बाजूला जावे. नॉर्वेत जन्म, बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू यांची नोंद पॅरिशचा धर्मोपदेशक ठेवी. १८१२ च्या राजाज्ञेने या नोंदवह्यांना ठरावीक रकाने मिळाले. त्यांत पॅरिशमध्ये आलेल्या आणि पॅरिश सोडून गेलेल्या माणसांसाठीही रकाने होते. वही दोन प्रतींत ठेवली जाई, एक धर्मोपदेशकाची आणि दुसरी चर्चच्या सेवकाची. आगीत दोन्ही जळू नयेत म्हणून त्या वेगवेगळ्या घरांत ठेवण्याचा दंडक होता. या खबरदारीमुळे आजही फार थोड्या पॅरिशांचे दप्तर पूर्णपणे नष्ट झालेले आहे.

१९/
गाव सोडणारा माणूस धर्मोपदेशकाकडे जाऊन दाखला घेई. वहीत त्याचे नाव, वय, राहते शेत आणि दाखल्याची तारीख लिहिली जाई. 'कुठे' या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असे : अमेरिका. १८६७ पासून ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, आणि ट्रॉन्डहाइम येथील पोलिसांनी स्थलांतरितांची नोंदवही ठेवण्यास प्रारंभ केला. बर्गेनच्या उपलब्ध वह्या १८७४ पासूनच्या आहेत. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने हे दप्तर आता 'डिजिटालअर्कीव्हे' या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहे. महासागरापलीकडे न सापडलेला माणूस इथे सापडतो.

२०/
आणि इथे कथेतील उरलेले विधान तपासता येते : तो शेताचा मालक होता का? १८६५ च्या जनगणनेत प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय, जन्माचा पॅरिश आणि कुटुंबातील स्थान आहे. शिवाय त्या घराकडे किती गाई, किती मेंढ्या होत्या आणि किती बी पेरले गेले, याचेही आकडे आहेत. वंशज मोठ्या शेताचे नाव शोधत तिथे पोहोचतो. शेत सापडते, घरही सापडते. परंतु नावापुढे 'हुसमान' असा शब्द आणि मालमत्तेच्या रकान्यात एक गाय आणि चार मेंढ्या, असे काहीसे दृश्य समोर येते.

२१/
मोठ्या शेताचे नाव मालक लावी, तसे त्याच्या जमिनीवर राहणारे कूळही लावी. अमेरिकेत गेल्यावर हा भेद पुसला गेला. नाव उरले, नावामागची पायरी विसरली गेली. काहींनी ती मुद्दाम विसरायला लावली असेल, कारण ज्या पायरीपासून सुटका व्हावी म्हणून महासागर ओलांडला, तिची आठवण मुलांना कशाला द्यायची? तरीही या एका शब्दाशिवाय प्रवासाचे कारणच कळत नाही. मोठ्या शेताचा वारस दहा आठवडे समुद्रावर कशासाठी काढील? दुसऱ्याच्या शेतावर राबणे ज्याला चुकत नव्हते, तो काढील.

२२/
त्याला जे हवे होते ते अमेरिकेने दिले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जमीन कसून पाच वर्षे राहणाऱ्याला १६० एकर मिळू लागले. या सनदा उपलब्ध आहेत आणि पूर्वजाचा माग त्यांतूनही लागतो. पण तो माग आणखी मागे नेला, तर दक्षिण मिनेसोटाची ही भूमी १८५१ च्या करारांनी डकोटा लोकांकडून घेतलेली दिसते. कराराची रक्कम आणि धान्य वेळेवर न मिळाल्याने १८६२ च्या ऑगस्टमध्ये तिथे युद्ध पेटले. त्यात नॉर्वेजियन वसाहतकरीही मारले गेले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. भूमिहीनाला भूमी मिळाल्याची कथा या पानाशिवाय पुरी होत नाही.

२३/
शोधाचा क्रम म्हणूनच उलटा ठेवावा. प्रारंभ अमेरिकेतील नॉर्वेजियन लुथरन चर्चच्या नोंदवह्यांपासून, कारण जन्मस्थळ तिथे पुष्कळदा पॅरिशच्या नावानिशी लिहिलेले असते, तर सरकारी कागदावर नुसते 'नॉर्वे'. त्यानंतर थडग्यावरचा लेख, जुनी पत्रे आणि पेटाऱ्यावरचे नाव. पॅरिश कळला की नॉर्वेतील नोंदवह्या. शेत कळले की त्या भागाचे 'बिग्देबुक', म्हणजे शेतवार लिहिलेला स्थानिक इतिहास. जहाजाचे नाव सर्वांत शेवटी शोधावे. दाखल्याची तारीख हाती आली, म्हणजे त्या सुमारास जवळच्या बंदरातून निघालेली जहाजे मोजकीच उरतात.

२४/
जहाज तरीही निश्चित होईलच असे नाही. हाती उरते ती धर्मोपदेशकाच्या वहीतील एक ओळ : पित्याच्या नावासह लिहिलेले नाव, वय, शेत, तारीख, आणि 'अमेरिका'. तिच्या खालीच बहुधा पत्नीची ओळ असते, आणि तिच्याखाली मुलांच्या. पलीकडे पोहोचलेल्यांची यादी वंशजांकडे आधीपासूनच असते. निघालेल्यांची यादी इथे मिळते. दोन्ही शेजारी ठेवून माणसे मोजावीत.

(धागा समाप्त)